समोरचा दोन

फाल्गुनात उन्हाला अजून धार आलेली नसते. पण सकाळी अंगण झाडताना कडुनिंबाची पिवळी पानं ढिगानं निघतात आणि दुपारी दोनच्या सुमाराला रस्ता एकदम रिकामा होतो. मग घराघरातून पाठांतराचे आवाज येतात. यंदा शेजारची मुलगी दहावीला आहे. परवा ती खिडकीशी बसून मोठमोठ्यानं घोकत होती, ‘संयोग, विघटन, विस्थापन, दुहेरी विस्थापन.’ मी मेथी निवडत होते. हात तिथंच थांबला.

तीस वर्षं मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. हे चार शब्द फळ्यावर किती वेळा लिहिले असतील, सांगता येणार नाही. पण ते माझ्या कानावर पहिल्यांदा पडले ते आर्वीला, एका चुन्याच्या भट्टीजवळ, वत्सलाच्या तोंडून. तेव्हा मी आठवीत होते आणि मला रसायन हा विषयच नव्हता.

वत्सला अकरावीत, म्हणजे मॅट्रिकला होती. वर्गात ती एकटी मुलगी. तिचे आईवडील गावाबाहेरच्या चुन्याच्या भट्टीवर मजुरी करायचे. नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्याला त्यांना वर्ष-दीड वर्ष झालं होतं. त्यांच्या वस्तीतून मॅट्रिकपर्यंत पोचलेली ती पहिलीच. आमचं घर तिच्या शाळेच्या वाटेवर. माझं अक्षर चांगलं म्हणून ती माझ्याकडून नकाशांवर नावं लिहून घ्यायची आणि त्या बदल्यात मला गणितं सांगायची. अशी आमची मैत्री. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी होती, पण मी तिला कधी ताई म्हटलं नाही. म्हटलेलं तिला आवडलंही नसतं.

मी तिच्याकडे जाते हे घरी माहीत होतं. आई एवढंच म्हणाली होती, “तिकडं पानी पेली तं पेली. आजीले सांगू नको.”

भट्टीवर कंकर भाजायचे. नाल्याकाठच्या काळ्या मातीत सापडणारे ते ओबडधोबड, मळके खडे. दोन-तीन दिवस भाजले की पांढरे आणि हलके होऊन निघायचे. वत्सला एक खडा पळीवर घेऊन मला दाखवायची.

“पाह्य सिंधू, कंकर तापला का त्याच्यातून हवा निघून जाते. मांगं राह्यते ते कळी. एकाचे दोन झाले. याले म्हनते विघटन.”

मग ती त्या कळीच्या चुन्यावर पाणी शिंपडायची. खडा आधी नुसतं पाणी पिऊन घ्यायचा, काहीच झालं नाही असा बसून राहायचा. आणि मग एकाएकी तडकायचा, फुगायचा, वाफ सोडत पिठासारखा ढासळायचा. हात जवळ नेला तर चटका बसेल इतकी ऊब. “हे संयोग,” ती म्हणायची. “दोघं मिळून एक झाले. अन् एक व्हताना पाह्य किती तापते!” ते बघताना ती नेहमी वाकायची, अगदी जवळ जायची. तिला त्या ढासळण्याचा आवाज आवडायचा.

मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळा टाकून ठेवला की दुसऱ्या दिवशी खिळ्यावर तांबूस थर चढलेला असायचा. मोरचूद तेव्हा शेतकऱ्यांच्या घरी असायचंच, बियाण्याला लावायला. तिनं आमच्याच घरातून चिमूटभर नेलं होतं. “लोखंड जबर,” ती म्हणाली, “तांब्याले उठवून त्याच्या जागी बसलं. विस्थापन.” तिच्या सगळ्या व्याख्या अशा असायच्या. तिचे रसायनाचे शिक्षक उमरे सर तिला म्हणत, “वत्सला, परीक्षेत जरा पुस्तकी लिहीत जा बाई.” म्हणत, पण हसत.

समीकरणं जुळवणं ही तिची खरी आवड. बाणाच्या अलीकडे जितके अणू तितकेच पलीकडे. काही हरवायचं नाही, काही नवीन यायचं नाही. ती हे काम तोंडीच करायची. डोक्यावर पाण्याची गुंडी, ओठ हलताहेत, आणि नळापासून घरापर्यंत एखादं समीकरण जुळलेलं. मला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं. मी नुसती तिच्यामागून चालायची.

संक्रांतीनंतरची गोष्ट. एका लग्नघराला रंगाला चुना हवा होता आणि तिची आई रांजणात कळी विझवत होती. वत्सला शाळेतून आली. दिवसभर उन्हात राबलेल्या आईला तिनं “तू बस” म्हणून उठवलं आणि स्वतः बादली घेतली. पाणी जास्त पडलं की खडा मोठा होता, कोण जाणे. ती नेहमीसारखी वाकली आणि रांजणातला चुना उसळून तिच्या तोंडावर आला.

मी तिथं नव्हते. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. कुणी म्हणालं डोळ्यांत पाणी घाला, कुणी म्हणालं पाण्यानं आणखी भाजेल, गोडं तेल घाला. त्या वादात वेळ गेला. मग बैलगाडीतून दवाखान्यात, तिथून छोट्या रुळांच्या आगगाडीनं पुलगावला आणि पुढं नागपूरला. पंधरा-वीस दिवसांनी ती परत आली तेव्हा डोळ्यांवरची पट्टी निघाली होती. उजवा डोळा दुधासारखा पांढरा झाला होता. डाव्यानं तिला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं.

मी गेले तर ती दारात बसली होती. माझ्या पावलांवरून तिनं ओळखलं.

“सिंधू का वं?” ती म्हणाली. “मले मालूम होतं, वाकाचं नसते म्हून. तरी वाकली.”

त्याविषयी ती एवढंच बोलली. पुन्हा कधीच नाही.

आठ दिवसांनी उमरे सर तिच्या घरी आले. मी तिथंच होते. सर सायकल दाराशी टेकवून आत आले, खाली तरटावर बसले आणि बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. वत्सलाचे वडील उभेच होते.

“वत्सला, पेपर देतेस?”

“देतो ना सर. पन लिवन कोन?”

“त्याची परवानगी मागवता येते. तू सांगायचं, दुसऱ्यानं लिहायचं. लिहिणारा खालच्या वर्गातला पाहिजे आणि त्याला तो विषय येत नसला पाहिजे. तसा नियम आहे.” मग ते तिच्या वडिलांकडे वळले. “मॅट्रिक झाली तर नागपूरला अंध मुलांची शाळा आहे. तिथं शिक्षिकेचं शिक्षण देतात. मी बोलून ठेवलं आहे. पण मॅट्रिक पाहिजे.”

 आई चुलीपाशी होती, ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, “सर, नाई म्हनू नका कोनी तिले. बसू द्या.”

अक्षर चांगलं, वर्ग खालचा आणि रसायन येत नाही. मी तिन्ही बाबतींत बसत होते. सर गेल्यावर वत्सला मला म्हणाली, “नववीच्या पुस्तकाले आतापासून हात लावू नको.”

मग तीन आठवडे आमचं एकच काम. शाळा सुटली की मी टाक-दौत घेऊन तिच्याकडे जायची. पळस फुलून गेला होता. कापसाच्या बंड्या बाजारातून रिकाम्या परतायच्या आणि त्यांच्या चाकांची धूळ आमच्या कागदांवर बसायची. इतिहास, मराठी, भूगोल सोपं होतं. अडायचं ते समीकरणांशी. मला त्यातली अक्षरं नुसती चित्रासारखी काढायची होती, आणि आकडे दोन प्रकारचे होते. एक अक्षराच्या पायाशी बारीक लिहायचा, एक सगळ्याच्या समोर मोठा. वत्सलानं त्यावर युक्ती काढली. आधी ती अक्षरं सांगायची, मग आकडे. “एच, पायाशी दोन. ओ. समोर दोन.” मी आधी अक्षरं लिहायची, सुरुवातीला जागा सोडून ठेवायची आणि शेवटी तिनं ‘समोर’ म्हटलं की त्या जागेत आकडा भरायची. आठ दिवसांत हात असा बसला की मी न थांबता लिहू लागले. उमरे सरांनी एकदा कागद तपासला आणि म्हणाले, “एकही चूक नाही.” त्या संध्याकाळी वत्सलाच्या आईनं आम्हाला गूळ-शेंगदाणे दिले.

मी आज विचार करते, आम्ही त्या दिवसांत सुखी होतो का? वत्सलाचे डोळे गेले होते आणि तरी ती हसायची. मी चुकले तर माझ्या पाठीत बुक्की मारायची, आणि तो नेम तिचा चुकायचा नाही. मला वाटतं, होतो.

विज्ञानाचा पेपर सगळ्यात शेवटी होता. आम्हाला वेगळी खोली दिलेली, गुंडाळलेल्या नकाशांची आणि मोडक्या बाकांची. आधीच्या पेपरांना एक म्हातारे पर्यवेक्षक होते, ते खुर्चीत डुलक्या घ्यायचे. त्या दिवशी नवेच गृहस्थ आले. बाहेरगावचे, काळा कोट घातलेले. वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. त्यांना नियम पाळायचा होता.

पहिले दोन प्रश्न नीट गेले. प्रकार ओळखा, व्याख्या लिहा. वत्सला पुस्तकी भाषेत सांगत होती, सरांनी सांगितलं होतं तशी. मग समीकरणांचा प्रश्न आला.

“एच, पायाशी दोन. समोर...”

“थांबा,” ते गृहस्थ उठले. “हे समोर, पायाशी काय चाललं आहे? खुणा ठरवून आलात का?”

वत्सलानं समजावून सांगायचा प्रयत्न केला. आवाजाच्या दिशेला तोंड करून ती म्हणाली, “सर, आकडा कुठं लिवायचा ते सांगून राह्यली.”

“ते लिहिणाऱ्याला सांगायचं नसतं. समीकरण जसं वाचतात तसं वाच. आणि तू,” ते माझ्याकडे वळले, “ती सांगते तेवढंच लिही. मधात एक शब्द विचारलास तर उठवून देईन. पेपर रद्द होईल.”

 बाहेर पाण्याच्या माठाशी कुणाचं तरी भांडं वाजलं. वत्सला सरळ वाचू लागली. “दोन एच दोन, अधिक ओ दोन, बाण, दोन एच दोन ओ.”

आता आकडा आधी येत होता. माझ्या हाताला तीन आठवडे सवय होती की आधी अक्षर, आकडा मागून. ‘दोन’ ऐकलं की टाक तसाच थांबायचा. मी अक्षराची वाट पाहायची, अक्षर लिहायची आणि मग राहिलेला आकडा त्याच्या पायाशी बसवून टाकायची. एकदा मला वाटलं, काहीतरी चुकतं आहे. सुरुवातीच्या जागा रिकाम्याच राहत होत्या. मी मान वर केली. ते गृहस्थ माझ्याकडेच पाहत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, अक्षरं पुसट दिसायला लागली. मी मान खाली घातली आणि लिहीत गेले. एकामागून एक सगळी समीकरणं तशीच.

पेपर संपला तेव्हा वेळ उरला होता. त्या गृहस्थांनीच सांगितलं, “दहा मिनिटं आहेत. काही राहिलं असेल तर पाहून घ्या.” आणि ते दाराशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

वत्सलानं बाकावर हात सरकवत माझं मनगट शोधलं. हळू आवाजात म्हणाली, “सिंधू, नीट लिवलं ना?”

मी म्हणाले, “हाव.”

“समदं?”

“हाव, समदं.”

तिनं हात काढून घेतला. आम्ही दोघी ती दहा मिनिटं काही न बोलता बसून राहिलो.

निकाल जूनमध्ये लागला. वर्तमानपत्रात तिचा नंबर नव्हता. उमरे सरांनी चौकशी केली. बाकी सगळ्या विषयांत ती चांगली पास होती, विज्ञानात थोडक्यात गेली होती. सर म्हणाले, “कसं शक्य आहे? तिला समीकरणं झोपेत येतात.” ते मला काहीच बोलले नाहीत. माझ्याविषयी त्यांच्या मनात शंकासुद्धा आली नसावी, आणि मलाही तेव्हा नक्की काही माहीत नव्हतं. काहीतरी चुकलं होतं एवढंच मनाला डाचत होतं, आणि पोरवयात माणूस असं डाचणारं काहीही दाबून ठेवू शकतो. पावसाळ्याआधी भट्टी बंद झाली. वत्सलाचे आईवडील तिला घेऊन कामासाठी हिंगणघाटला गेले, तिथल्या जिनिंगवर.

मी नववीत गेले. रसायन सुरू झालं. दिवाळीनंतर एका दुपारी उमरे सरांनी फळ्यावर पाण्याचं समीकरण लिहिलं आणि मागं वळून म्हणाले, “जुळवताना आकडा समोर द्यायचा. पायाशी हात लावायचा नाही. का? पायाशी दोन लावला तर पाणी पाणी राहत नाही.” त्यांनी ओच्या पायाशी एक दोन काढला. “हा पदार्थच वेगळा झाला. दवाखान्यात जखम धुवायला वापरतात ते औषध. तहान लागली म्हणून कुणी हे प्याल का?”

वर्ग हसला. मी फळ्याकडे पाहत राहिले. ते अक्षर माझं होतं. मी त्या नकाशांच्या खोलीत हेच लिहिलं होतं. पुढची समीकरणं आठवायला लागली. एकेक आठवत गेलं, एकेक चूक दिसत गेली. सरांनी विचारलं, “काय झालं सिंधू?” मी डोकं दुखतं म्हणून घरी आले.

हिंगणघाटला माझी मावशी होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी हट्ट करून तिच्याकडे गेले आणि विचारत विचारत जिनिंगमागच्या वस्तीत पोचले. दुपार होती. हवेत सगळीकडे कापसाचा बारीक तंतू उडत होता, श्वासाबरोबर नाकात जायचा. वत्सला ओसरीवर कापसाचा ढीग घेऊन बसली होती. त्यातला पालापाचोळा बोटांनी चाचपून काढत होती. बोटं झरझर चालत होती.

मी बसले आणि सगळं सांगून टाकलं. उमरे सरांचा तास, पायाशी लावलेला दोन, पाण्याचं झालेलं औषध. रडत रडत सांगितलं.

तिची बोटं थांबली नाहीत. ती म्हणाली, “मले मालूम होतं.”

“कसं?”

“टाकाचा आवाज येते ना. मी दोन म्हटलं तरी तो हालला नाई. ओ म्हटल्यावर दोनदा हालला.”

“मंग बोलली काऊन नाई?”

“बोलली असती तं त्यानं तुले उठवलं असतं. समदे पेपर गेले असते.” तिनं एक वाळकं पान काढून बाजूला टाकलं. “म्हून आखरीले इचारलं ना तुले. तो दाराशी गेल्ता. तू जराक ‘नाई’ म्हटलं असतं, तं मी फिरून सांगितलं असतं. दहा मिनिटं होते.”

 जिनिंगची घरघर चालू होती.

“अजून एक बार बस,” मी शेवटी म्हणाले. “ऑक्टोबरात बस. मी लिहीन. आता मले चांगलं येते. एकबी चूक करनार नाई.”

वत्सला हसली. पूर्वी हसायची तशीच. “येडी आहेस. आता तुले येते. आता तुले कोन बसू देते?”

जाताना तिनं मला पुढच्या वर्षाचं काय काय आहे ते विचारलं, दोन-तीन समीकरणं तोंडी घातली, आणि मी ती बरोबर जुळवल्यावर मान हलवली. “चांगलं हाये. येजो फिरून,” ती म्हणाली. मी येते म्हणाले. नंतर माझा अभ्यास, माझी मॅट्रिक, मग नागपूरचं कॉलेज. आज-उद्या करता करता मी गेलेच नाही. खरं सांगायचं तर तिच्या त्या बोटांसमोर पुन्हा बसायची मला भीती वाटत होती.

मी नोकरीला लागले त्याच वर्षी मावशीचं कार्ड आलं. त्यात शेवटी एक ओळ होती. तुझी ती आंधळी मैत्रीण तापानं गेली.

मी हिंगणघाटला गेले तेव्हा महिना उलटून गेला होता. वडीलही राहिले नव्हते. आई एकटी होती, पार वाकलेली. तिनं मला ओळखलं, जवळ बसवलं, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी शिक्षिका झाल्याचं ऐकून तिला फार बरं वाटलं.

“माही पोरगी तुह्या लय आठवनी काहाडे बाई,” ती म्हणाली. “म्हने, सिंधू माहा हात झालती. तिनं माह्यासाठी जीव तोडून लिवलं. पेपरच कठीन होता, म्हने, तिचा काई दोष नाई.”

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत नुसती माया होती.

इतक्या वर्षांत वत्सलानं तिला काहीच सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.